‘जनक’ या पदवीआड : वसंतराव नाईक आणि वर्तमानपत्रांची स्मरणशक्ती

वाशिम जिल्ह्याच्या इतिहासात १ जुलै ही तारीख तीन वेळा नोंदवावी लागते. १ जुलै १९१३ रोजी शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुली या गावी वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म झाला. त्यांची जयंती महाराष्ट्रात ‘कृषी दिन’ म्हणून साजरी होते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. आणि १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा हे त्यांतील पाच, सहावा वाशिम. यांपैकी पहिल्या दोन घटनांचे स्मरण दरवर्षी वर्तमानपत्रांतून होते. तिसरीचा उल्लेख त्याच पानावर आढळणे दुर्मीळ. एका तारखेच्या तीन नोंदींपैकी दोन लक्षात ठेवायच्या आणि एक विसरायची, ही निवड कोण करते आणि कशी करते, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

वसंतरावांचे चरित्र सांगण्याचा हेतू प्रस्तुत लेखात नाही. सत्ताधारी माणूस गेल्यानंतर वर्तमानपत्रे त्याचे काय करतात, हा आमचा विषय आहे. मराठी शिकविणाऱ्यांनी या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. पदवीच्या वर्गात ‘व्यावहारिक मराठी’ शिकविताना बातमी, अग्रलेख, जाहिरात, श्रद्धांजलीपर लेख हे लेखनप्रकार आम्हांला शिकवावेच लागतात. शिवाय आमच्या भागातील पुष्कळ घरांत इतिहासाचे पुस्तक नसते. जयंतीची पुरवणी मात्र पोहोचते. गेल्या पन्नास-साठ वर्षांचा महाराष्ट्र विद्यार्थ्याच्या मनात उभा राहतो तो बव्हंशी या पुरवण्यांतून. तेव्हा त्या पुरवणीची भाषा तपासणे हे भाषेच्या शिक्षकाचेच काम ठरते.

आरंभी काही तपशील. नागपूरला कायद्याचे शिक्षण, १९४१ साली वत्सला घाटे यांच्याशी आंतरजातीय विवाह, पुसदला वकिली आणि तेथील नगरपालिकेचे अध्यक्षपद, १९५२ साली जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेत प्रवेश आणि महसूल खात्याचे उपमंत्रिपद, द्विभाषिक मुंबई राज्यात सहकार व कृषी ही खाती, १९६० नंतर महसूल, असा वसंतरावांचा प्रवास आहे. मारोतराव कन्नमवार २४ नोव्हेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच निवर्तले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले. २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, ते त्या पदावर राहिले. इतका दीर्घ काळ हे पद महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाला लाभलेले नाही. १९७७ साली, देशभर काँग्रेसची वाताहत झालेल्या निवडणुकीत, वाशिम मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. त्यांच्या कारकिर्दीच्या वर्णनात हे शेवटचे प्रकरण बहुधा एका ओळीत आटोपते; पण मृत्यूच्या वेळी ते वाशिमचे खासदार होते.

तो मृत्यू आला १८ ऑगस्ट १९७९ रोजी, सिंगापूर येथे. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांना कशाकशाला जागा द्यावी हा प्रश्नच होता. ११ ऑगस्टला गुजरातेत मोरवीजवळचे मच्छू धरण फुटले होते. २० ऑगस्टला चरणसिंग यांनी लोकसभेला सामोरे न जाताच पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला आणि २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित झाली. ज्या सभागृहाचे वसंतराव सदस्य होते ते सभागृहही त्यांच्यामागे चार दिवसच टिकले. मुंबईत पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार होते. काँग्रेस दुभंगलेली होती. म्हणजे वसंतराव गेले तेव्हा त्यांच्या स्मृतीचा सोहळा करण्यात कोणत्याही सत्ताधाऱ्याचा तातडीचा स्वार्थ गुंतलेला नव्हता. आज जी भव्य प्रतिमा आपण पाहतो ती मृत्यूच्या दिवशी घडलेली नाही. ती पुढच्या दशकांत, जयंत्या आणि पुण्यतिथ्यांच्या पानांवर, थरावर थर चढत घडली आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मृत्युलेख आणि पुण्यतिथीचा लेख हे दोन निराळे लेखनप्रकार आहेत. मृत्युलेख लिहिणाऱ्याने त्या माणसाला बहुधा पाहिलेले असते. त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याने कधीतरी लिहिलेले असते. वाचकालाही कालपरवाचे आठवत असते. त्यामुळे मृत्युलेखाला कितीही गहिवर आला तरी त्यात फार खोटे लिहिता येत नाही. पुण्यतिथीच्या लेखाला असा साक्षीदार नसतो. ‘पुण्यतिथी’ या शब्दातच मृत्यूच्या दिवसाला पुण्य बहाल केलेले आहे. मागील वर्षीचा लेख समोर ठेवून या वर्षीचा लिहिला जातो, त्यात एखादे विशेषण वाढते, एखादी अडचणीची घटना गळते. लोककथा तोंडातोंडी फिरत गुळगुळीत होते, त्याच रीतीने हा लेख कात्रणाकात्रणांतून गुळगुळीत होत जातो. त्याच पानावर शासनाची आणि पुढाऱ्यांची अभिवादनपर जाहिरात असली म्हणजे लेख कोठे संपला आणि जाहिरात कोठे सुरू झाली हे शब्दांवरून ओळखणे कठीण जाते.

या प्रकाराचा लाडका शब्द म्हणजे ‘जनक’. वसंतराव ‘हरितक्रांतीचे जनक’ आणि ‘रोजगार हमी योजनेचे जनक’. रोजगार हमीचा प्रसंग आला म्हणजे हीच पदवी वि. स. पागे यांनाही दिली जाते, आणि तीस आधार आहे. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोगही करविला. हरितक्रांतीचे जनकत्व २०२३ साली एम. एस. स्वामीनाथन गेले तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांना दिले. एका योजनेला दोन जनक आणि एका क्रांतीला तीन-चार, यात वर्तमानपत्रांना काहीच खटकत नाही. कारण दोन जनकांचे लेख एकाच दिवशी छापावे लागत नाहीत. अडचण श्रेयाच्या वाटणीची नाही. ‘जनक’ म्हटले की पाठोपाठ जन्म येतो, आणि जन्म एका क्षणी होतो. योजना मात्र भांडणांतून, मागण्यांतून, चुकांमधून, वर्षानुवर्षे घडत असते. ती सगळी घडण या एका शब्दाने पुसली जाते.

वसंतरावांच्या बाबतीत याहून अधिक गाजलेली गोष्ट म्हणजे त्यांची प्रतिज्ञा. १९६५ साली पुण्यात बोलताना त्यांनी जाहीर केले की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला नाही तर आपल्याला शनिवारवाड्यासमोर फाशी द्यावी. या विधानाचे पाठभेद पुष्कळ आहेत. कोठे शनिवारवाडा आहे, कोठे भर चौक. कोठे ‘फाशी द्या’, कोठे ‘फासावर जाईन’. पाठचिकित्सेची सवय असलेल्या वाचकाला यावरूनच कळावे की हे वाक्य इतिहासातून निघून आख्यायिकेत गेले आहे. आशय मात्र सर्वत्र एक आहे : मुदत दोन वर्षांची आणि पणाला लावलेले आहे ते स्वतःचे जीवित.

आता त्या दोन वर्षांत काय झाले? १९६५-६६ आणि १९६६-६७ ही लागोपाठ दोन वर्षे देशात अवर्षणाची गेली. १९६६ साली भारताने सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणले. १९६७ उजाडले तेव्हा महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झालेला नव्हता; केंद्राकडून येणाऱ्या धान्यावरचे अवलंबन चालूच होते. पाच वर्षांनी, १९७२ साली, अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी महाराष्ट्राने रेशनच्या दुकानात रांगा लावून घेतली. म्हणजे शब्दशः पाहिले तर प्रतिज्ञा पुरी झाली नाही. जयंतीच्या लेखांत प्रतिज्ञेचे वाक्य येते आणि पुढच्याच वाक्यात लेख कृषी विद्यापीठांकडे वळतो. दोन वाक्यांच्या मध्ये जो पूर्णविराम आहे त्यात ही सारी वर्षे बुजविलेली असतात.

आम्ही हे वसंतरावांना कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. एखाद्या मुख्यमंत्र्याने लोकांसमोर उभे राहून मुदत सांगावी आणि मुदत टळली तर शिक्षाही सांगावी, ही लोकशाहीत क्वचित घडणारी गोष्ट आहे. ते विधान म्हणजे हिशेब मागण्याचा अधिकार लोकांच्या हाती देणे होते. वर्तमानपत्रांनी त्यातला हिशेब काढून टाकला आणि बाणेदारपणा तेवढा ठेवला. वीररसाचे उदाहरण म्हणून ते वाक्य उरले. उत्तरदायित्वाचे उदाहरण म्हणून ते मेले. पुढे कोणत्याही पुढाऱ्याने आकडा आणि तारीख सांगितली की आपण टाळ्या वाजवितो आणि तारीख उलटल्यावर विचारीत नाही, या सवयीत अशा स्मरणाचा थोडा तरी वाटा असला पाहिजे.

आणि गंमत अशी की प्रतिज्ञा झाकून ठेवली म्हणजे त्यामागचे खरे मोठे कामही झाकले जाते. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण प्रसारित झाले आणि वसंतरावांच्या शासनाने ते गावोगाव नेण्याचा आग्रह धरला. १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी येथे चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. ‘हायब्रीड’ हा शब्द तेव्हापासून आमच्या भागात नुसता ज्वारीचा वाचक झाला. आणि दिसायला जोमदार पण सत्त्वाने उणे अशा कोणत्याही गोष्टीला, फार काय नव्या पिढीलाही, ‘हायब्रीड’ म्हणण्याची रीत पडली. लोकांच्या भाषेने या क्रांतीचे स्वागतही नोंदविले आणि तिच्याविषयीची शंकाही नोंदविली. पुरवणीने फक्त स्वागत नोंदविले.

१९७२ च्या दुष्काळाच्या बाबतीत हा फरक अधिक ठळक दिसतो. आजही जुनी माणसे ‘बहात्तर’ एवढेच म्हणतात; शतक सांगावे लागत नाही, दुष्काळ हा शब्दही लावावा लागत नाही. त्या बोलण्यात मिलो असते, सुकडी असते, खडी फोडून सोललेले हात असतात, पाझर तलाव, नालाबंडिंग, मस्टरवरचा अंगठा असतो. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. इतक्या मोठ्या अवर्षणात भूकबळींचा कहर झाला नाही, याची दखल ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी घेतली आणि महाराष्ट्राचे उदाहरण दुष्काळनिवारणाच्या जागतिक चर्चेत गेले. धान्याच्या उत्पादनात हरलेले राज्य लोकांना काम आणि मजुरी देऊन त्यांचा जीव वाचवू शकले. वसंतरावांच्या कारकिर्दीतील हे सर्वांत मोठे यश होय, असे आमचे मत आहे. परंतु ते नीट सांगायचे तर आधी प्रतिज्ञेचे अपयश सांगावे लागते. आणि तेच टाळायचे असल्यामुळे यशही अर्धवटच सांगितले जाते.

हे यश एकट्याचेही नव्हते. त्या दिवसांत विधिमंडळात आणि रस्त्यावर विरोधी पक्षांनी सरकारला स्वस्थ बसू दिले नाही. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने १९७२ साली महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली आणि लाटणे हातात घेतलेल्या बायकांचे मोर्चे मुंबईने पाहिले. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात झाला तो १९७७ साली आणि अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. तेव्हा वसंतराव मुख्यमंत्री नव्हते. योजनेच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविला गेला, म्हणजे शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराचा भार उचलावा अशी ती व्यवस्था होती. एका जनकाच्या गोष्टीत हा कर भरणारा कारकून मावत नाही, लाटणे घेतलेली बाई मावत नाही, आणि ज्याच्यासाठी हे सर्व झाले तो खडी फोडणारा मजूरही मावत नाही.

जे पार बाहेर राहते त्याचीही यादी करता येईल. मुंबईतील बॅकबे भरावाच्या जमिनी कवडीमोलाने दिल्या गेल्या, असे आरोप वसंतरावांच्या शासनावर झाले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेला मुंबईतील कम्युनिस्टांना शह देण्यासाठी सरकारचा आशीर्वाद आहे, या समजातून विरोधकांनी तिला ‘वसंतसेना’ असे नाव ठेवले. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील नायिकेचे नाव राजकीय कोटीसाठी इतके चपखल वापरले गेल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला सुचत नाही. विदर्भाचा मुख्यमंत्री अकरा वर्षे असूनही विदर्भाचा अनुशेष का राहिला, हा प्रश्न तेव्हाही होता आणि १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालानंतर तो आकड्यांनिशी समोर आला. १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याची. तिचे गुणदोष हा आमच्या भागाचा अर्थशास्त्रीय इतिहासच आहे. पण तोंडात पाईप आणि अंगात सूट असलेला, मुंबईच्या राजकारणात मुरलेला हा मुत्सद्दी पुरवणीला चालत नाही. तिला हवा असतो फक्त शेतातला माणूस.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. वसंतराव बंजारा समाजात जन्मले. इंग्रजी राजवटीत देशाच्या निरनिराळ्या भागांत या समाजाच्या अनेक गटांवर ‘गुन्हेगार जमाती’चा शिक्का होता, तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. त्याच वर्षी तांड्यातला एक मुलगा आमदार होतो आणि अकरा वर्षांनी मुख्यमंत्री होतो. ज्या समाजाला दुसऱ्यांनी दिलेले नाव कलंकाचे होते, त्याने आपल्या माणसाला ‘महानायक’ म्हटले तर शिक्षकांनी शब्दकोश घेऊन मध्ये का यावे? मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान वाशिम जिल्ह्यातच आहे. या अभिमानाचे मोल आम्ही जवळून जाणतो. तो अभिमान न्याय्य आहे. मात्र अभिमान आणि पुरवणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंजारा समाज आंध्र आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो. २०२५ च्या सप्टेंबरात याच प्रश्नावर राज्यात मोर्चे निघाले. याच समाजाचा माणूस अकरा वर्षे मुख्यमंत्री असताना या प्रश्नाचे काय झाले, काय होऊ शकत होते, हे समाजातील तरुणांना जाणून घ्यायचे असते. ‘हरितक्रांतीचे जनक’ ही पदवी त्यांना त्याचे उत्तर देत नाही. उलट ती वसंतरावांचे बंजारापण एका ओळीच्या जन्मवृत्तांतात उरकून टाकते.

हेच त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक यांच्याही वाट्याला आले. तेही मुख्यमंत्री होते आणि १९९८ साली त्यांनीही लोकसभेत वाशिमचे प्रतिनिधित्व केले. १० मे २००१ रोजी ते गेले आणि तो दिवस ‘जलसंधारण दिन’ झाला. स्वतंत्र जलसंधारण विभाग त्यांच्या कारकिर्दीत, १९९२ साली, सुरू झाला. तेव्हा या स्मरणाला आधार आहेच. परंतु डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगली त्याच कारकिर्दीतल्या. सुमारे ९०० माणसे त्यांत मेली आणि श्रीकृष्ण आयोगाने आपल्या अहवालात राजकीय नेतृत्वाच्या दुबळेपणावर बोट ठेवले. १० मेच्या लेखात पाणी असते, रक्त नसते. काकांना शेती आणि पुतण्याला पाणी, अशी खातेवाटप मृत्यूनंतर वर्तमानपत्रांनीच करून टाकली आहे.

हा रोग केवळ आमच्या जिल्ह्याचा किंवा राज्याचा नव्हे. २७ जुलै २०१५ रोजी माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम गेले तेव्हा ‘मिसाईल मॅन’ आणि ‘जनतेचे राष्ट्रपती’ या दोन पदव्यांनी देशभरची पाने भरली. २००५ साली बिहार विधानसभेच्या विसर्जनाच्या आदेशावर त्यांनी परदेशातून स्वाक्षरी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरविले. २००६ साली लाभाच्या पदासंबंधीचे विधेयक त्यांनी संसदेकडे फेरविचारासाठी परत पाठविले. एक प्रसंग टीकेचा, दुसरा गौरवाचा. राष्ट्रपतिपदाच्या दृष्टीने दोन्ही महत्त्वाचे. पदव्यांच्या गर्दीत दोन्ही मागे पडले. अमेरिकेत १९७४ साली नामुष्कीने पायउतार झालेले निक्सन १९९४ साली वारले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांच्या समग्र आयुष्याचा विचार करूनच निवाडा व्हावा, असे आवाहन केले. समग्रतेची ही मागणी योग्यच. मात्र तिच्या नावाखाली कटू भाग तेवढा वगळला, तर ती समग्रता राहत नाही.

कोणी म्हणेल, गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये ही आपली संस्कृती आहे. रावणवधानंतर रामानेही बिभीषणाला वैर मरणापाशी संपते असेच सांगितले. खरे आहे. पण तेथे संपते ते वैर. मूल्यमापन संपत नाही. मराठी वृत्तपत्रसृष्टीने तर हा भेद फार पूर्वी करून दाखविला आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्याशी टिळकांचा विरोध जगजाहीर होता. १८९५ साली पुण्यात सामाजिक परिषदेच्या मंडपावरून केवढे वादळ झाले हे वाचक जाणतात. १९०१ साली रानडे गेले तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर लिहिले ते, मरगळलेल्या महाराष्ट्रात पुन्हा चैतन्य आणणारा पुरुष म्हणून. मतभेद मागे घेतला नाही आणि थोरवीही नाकारली नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘मराठा’तून नेहरूंवर आग पाखडणाऱ्या आचार्य अत्र्यांनी १९६४ साली नेहरूंच्या निधनानंतर जी लेखमाला लिहिली, तिला पुढे ‘सूर्यास्त’ या नावाने पुस्तकरूप मिळाले. त्या लेखांमागे वाद घालून झालेल्या माणसाचे प्रेम होते. ज्याच्याशी आपण कधी भांडलोच नाही, त्याची थोरवी आपल्याला नेमकी कोठे आहे ते सांगता येत नाही. मग विशेषणे वापरावी लागतात. पुरवणीतील विशेषणांची गर्दी ही आदराची खूण नसून अपरिचयाची खूण आहे.

या साऱ्याचा आजच्या वाशिमशी काय संबंध, ते शेवटी सांगितले पाहिजे. २०१३ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, परभणीच्या कृषी विद्यापीठाला वसंतरावांचे नाव दिले गेले. त्यापूर्वीच शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी विदर्भात जे मिशन स्थापन झाले होते त्यालाही त्यांचेच नाव होते : ‘वसंतराव नाईक शेती स्वावलंबन मिशन’. स्वावलंबन हा शब्द १९६५ च्या प्रतिज्ञेतल्या स्वयंपूर्णतेचा सख्खा भाऊ. ज्या नावाने धान्याच्या स्वयंपूर्णतेची मुदत घातली, तेच नाव चाळीस वर्षांनी शेतकऱ्याचा जीव वाचविण्याच्या कामाला द्यावे लागले. मधल्या चाळीस वर्षांत काय घडले, हा आमच्या जिल्ह्याचा इतिहास आहे. ज्वारी गेली, कापूस मागे सरला, शिवारात सोयाबीन आले. एकाधिकार योजना मोडकळीस आली. बियाणे, खत, औषध सगळे विकत घेण्याचे झाले आणि पिकाचा भाव शेतकऱ्याच्या हाती राहिला नाही. याची सुरुवात काही अंशी त्याच क्रांतीत आहे, जिचे जनकत्व आपण दरवर्षी साजरे करतो. हे म्हणणे कृतघ्नपणाचे नाही. १९६५ साली उपाशी राज्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता, हेही त्याच इतिहासात विचारले पाहिजे. पण विचारायला दोन्ही प्रश्न एकाच पानावर हवेत.

२००५ साली देशभर ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राच्या अनुभवाचा आधार त्यामागे होता. मजुराने काम हक्काने मागावे, हे त्या अनुभवाचे सार. ‘जनक’ म्हटले की योजना ही कोणा थोराने दिलेली देणगी वाटू लागते. देणगी मागता येते, तिच्यावर हक्क सांगता येत नाही. मस्टरवर अंगठा उमटविणाऱ्या आजोबांचा नातू आज आमच्या वर्गात बसतो. पुरवणी वाचून त्याला कळते की आपल्या भागात एक थोर पुरुष होऊन गेला. त्या थोर पुरुषाने लोकांना हिशेब मागण्याची मुदत दिली होती, लोकांनी तो मागितला, काही मिळाला, काही राहिला, आणि राहिलेला मागण्याचा अधिकार अजून त्याच्याकडे आहे, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. येत्या कृषी दिनाची पुरवणी वर्गात नेऊन तिच्याशेजारी १९६५ ते १९७३ मधील विधिमंडळाची कामकाजे आणि गावातील जुन्या माणसांच्या आठवणी ठेवाव्यात, एवढी सूचना आम्ही आमच्या व्यवसायबंधूंना करतो. वसंतराव त्या वाचनातून उणे होतील अशी भीती आम्हांला वाटत नाही.